एक लिटर डिझेल म्हणजे माणसाची किती दिवसांची मेहनत?

साधारण १६-१७ दिवसांची, पण हा कागदावरचा आकडा झाला.

हिशोब असा की एक लिटर डिझेलमध्ये अंदाजे १० युनिट (लाईट बिलातलं तेच युनिट) ऊर्जा असते, आणि धडधाकट माणूस दिवसभर सलग काम करताना ७५ वॅटच्या आसपास ताकद देऊ शकतो, म्हणजे ८ तासांचे झाले ०.६ युनिट, बस्स एवढंच. आता इंजिनात त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वायाच जाते, हाती लागतात ३ युनिट, तरीही पाच दिवसांचं काम झालंच ना.

विहिरीचंच बघा. १० मीटर खोलवरून पाणी काढायचंय, तर ५ एचपीचा डिझेल पंप साधारण लिटरभर डिझेलमध्ये तासाभरात ५० हजार लिटरपर्यंत पाणी वर फेकतो, तेवढं पोहऱ्याने शेंदायचं म्हटलं तर माणसं किती लागतील आणि खांद्यांचं काय होईल याचा विचार करा. आणि हे लिटरभर डिझेल एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतं, मला तर हे खरंच थक्क करणारं वाटतं, आपण ते सिग्नलला गाडी चालू ठेवून उगाच जाळतो.