लिबरल आर्ट्स कॉलेजात ट्रान्सफर: आर्थिक मदतीचे नियम वाचताना काय बघायचं?

पुण्यात बी.ए.चं पहिलं वर्ष चालू आहे, अमेरिकेतल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजच्या (साहित्य, समाजशास्त्रं, विज्ञान असं व्यापक पदवी शिक्षण देणाऱ्या कॉलेजच्या) साइटवर ‘नीड-ब्लाइंड’ (प्रवेश ठरवताना पैशांची गरज बघत नाही) आणि ‘पूर्ण गरज भागवतो’ असं दोन्ही लिहिलंय, मग ट्रान्सफरलाही, म्हणजे मधूनच कॉलेज बदलून येणाऱ्यालाही, मदत मिळेल ना, असं तुम्ही विचारलंय. ते गृहीत धरू नका. ही वाक्यं बहुतेक वेळा बारावीनंतर थेट पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी असतात. ट्रान्सफरचं धोरण वेगळं असतं आणि परदेशी ट्रान्सफरचं त्याहून वेगळं. काही कॉलेजं परदेशी ट्रान्सफर विद्यार्थ्याला दमडीही देत नाहीत, पण ते एखाद्या कोपऱ्यातल्या ओळीत लिहिलेलं असतं. त्या पानावर ‘इंटरनॅशनल’ आणि ‘ट्रान्सफर’ हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात सापडत नसतील तर फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

त्याच ईमेलमध्ये विचारा की मदत किती सेमिस्टर मिळेल. खरी मेख इथे असते. समजा पदवीला ३२ कोर्स लागतात, सेमिस्टरला ४. पुण्यातल्या दोन सेमिस्टरपैकी कॉलेजने फक्त ४ कोर्स मान्य केले, तर २८ उरले, म्हणजे ७ सेमिस्टर. पण एड ऑफिसने तुमची पुण्यातली दोन्ही सेमिस्टर ८ मधून वजा केली, तर मदत ६ सेमिस्टरचीच. सातव्याचा खर्च घरच्यांवर, आणि अनेक कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च आता ८०,००० डॉलरच्या वर गेलाय. अर्थशास्त्र, गणित, साहित्य असे विषय सहसा चालतात. कॉस्टिंग, सेक्रेटेरियल प्रॅक्टिससारखे धंदेवाईक विषय बहुधा गळतात. म्हणून प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाकडून आताच मिळवून ठेवा.

‘आधी प्रवेश घेऊ, मदत पुढच्या वर्षी मागू’ हा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. प्रवेशाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे ती मागताच येत नाही, असा नियम बऱ्याच कॉलेजांत आहे.

मदतीचा अर्ज बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल या घरच्या उत्पन्न-मालमत्तेची माहिती घेणाऱ्या ऑनलाइन फॉर्मवर असतो. फाफ्सा, म्हणजे अमेरिकन सरकारी मदतीचा फॉर्म, अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहे, तो तुम्हाला लागू नाही. प्रोफाइलची फी पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. फी जड जात असेल तर कॉलेजकडे सवलतीचा कोड मागा, काही कॉलेजं देतात. आपल्याकडच्या अर्जांत गडबड होते ती दोन ठिकाणी. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, फॉर्म मात्र जानेवारी ते डिसेंबर डोळ्यांपुढे ठेवून केलेला. आकडे आयटीआरमधून घेतले असतील तर स्पष्टीकरणाच्या रकान्यात तसं साफ लिहा. दुसरं, शेतीचं उत्पन्न. ते करमुक्त म्हणून फॉर्ममध्ये टाकतच नाहीत, मग सातबारा किंवा बँकेच्या स्टेटमेंटवरून प्रश्न निघतात आणि अर्ज अडकतो. उत्पन्न थोडं असलं तरी दाखवा, तहसीलदारांचा दाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. काका-आजोबांसोबत घर सामाईक असेल तर वडिलांचा हिस्सा किती तेही लिहा.

कॉलेजच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर (मदत वजा जाता किती खर्च येईल त्याचा अंदाज देणाऱ्या साधनावर) भिस्त ठेवू नका, तो सहसा पहिल्या वर्षाला येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी बनवलेला असतो.

मदतीचं पत्र आलं की अनुदान किती, कर्ज किती आणि कॅम्पसवरच्या कामाची अपेक्षित कमाई किती, हे वेगवेगळं मांडा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि तो पगार हळूहळू हातात पडतो, त्यामुळे ऑगस्टची फी त्यातून भरता येत नाही. विमानभाडं, आरोग्य विमा आणि सुट्टीतलं राहणं हिशेबात धरलंय का तेही बघा. शिवाय ट्यूशन (शिकवणीची फी), सक्तीची फी आणि पुस्तकं सोडून राहण्या-जेवणासाठी मिळणारं अनुदान करपात्र असतं. त्यावर कॉलेज साधारणपणे १४ टक्के कर कापून घेतं, आणि ही रक्कम पत्रात बहुधा दिसत नाही.