बैलाचं शिंग लागलेला डोळा

प्रिय पोरी,

काल तुझा फोन आला तेव्हा मी नुकताच वावरातून येऊन बसलो होतो, नीट बोलता नाही आलं म्हणून आज सकाळी चहा झाल्याझाल्या हे लिहून राहिलो. तुझ्या दवाखान्यात आलेल्या त्या माणसाला पोळ्यासाठी नाल्यावर बैल धुताना शिंगाचा ठोसा बसला, भुवईवर दोन टाके, डोळा जरासा लाल, आणि तो माणूस म्हणते “म्याडम, ड्रॉप द्या अन् जाऊ द्या मले, बैल एकलेच हायेत”. तू त्याला थांबवून ठेवलं हे फार बरं केलं.

बोथट मारात वरून काही दिसत नाही हाच मोठा घोळ आहे. एक संत्रं घे आणि अंगठ्याने समोरून दाब, ते बाजूने फुगते. डोळ्याचं तसंच होते, क्षणभर समोरून चपटा आणि बाजूने ताणलेला. बाहेरचा पांढरा पडदा चिवट, तो टिकून जाते. रेटिना, म्हणजे सगळ्यात आतला नजरेचा पडदा, लवचिक, तीही बऱ्याचदा टिकते. या दोघांच्या मधात कोरॉइड आहे, रक्तवाहिन्यांनी भरलेला, आणि त्याला लागून ब्रुखचा पातळ पडदा, त्याला ताण सहन होत नाही, तो तडकते आणि सोबत कोरॉइडही फाटते. मार समोर लागला तरी ही चीर बहुतेक वेळा मागे पडते, डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या बाजूला, चंद्रकोरीसारखी. डोळ्याच्या आत पाहायचं यंत्र हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये काढलं आणि १८५४ मध्ये व्हॉन ग्रेफे यांनी ही चीर पहिल्यांदा वर्णन केली, त्याच्या आधी माणूस “मार लागला अन् नजर गेली” एवढंच सांगू शकत होता.

म्हणून कोणीही आला की आधी दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी घे आणि लिही, सूज असेल तर पापणी हळू उघड पण डोळ्यावर दाब नको देऊ. बाहुली थेंबासारखी ओढलेली दिसली किंवा डोळा फुटल्याची शंका आली तर काही टाकू नको, पट्टी आवळू नको, वरून डोळ्याला न टेकणारं कडक झाकण (शील्ड) लाव आणि गाडी बोलव. तसं नसेल तर टॉर्चने दोन्ही बाहुल्या बघ, ते झाल्यावरच ड्रॉप टाकून बाहुली मोठी करायची आणि मागचा पडदा डॉक्टरांनी पाहिलाच पाहिजे.

आता माझी चूक सांगतो, ती माझ्या डोक्यातून जात नाही. बारा वर्षांचा पोरगा होता, विटी लागली होती. डॉक्टरांनी पाहिलं, रेटिनाच्या खाली रक्त होतं, म्हणाले रक्त विरलं की चार आठवड्यांनी परत दाखवा. कागद मी लिहून दिला पण बापाला समोर बसवून समजावलं नाही, ओपीडीत गर्दी होती, मी म्हटलं होईल बरं. नजरही हळूहळू सुधारली म्हणून ते आलेच नाही. दीड वर्षाने आले ते पण कसे, त्याचा चांगला डोळा आला होता, चिपडांनी चिकटून बंद, तेव्हा त्याला कळलं की दुसऱ्या डोळ्याने फळ्यावरची ओळ वाकडी दिसते आणि मधातले अक्षरं गायब. नसेच्या बाजूला पांढरी कोर स्वच्छ दिसत होती, आणि तिच्या काठावर नवीन कच्च्या रक्तवाहिन्या उगवून गळून राहिल्या होत्या. नागपूरला इंजेक्शनं झाले, गळणं थांबलं, पण नजर ६/६० च्या पुढे गेली नाही, म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून दिसते ते त्याला सहा मीटरवरूनच दिसते.

पहिल्या दिवशी रक्ताखाली चीर झाकलेली असते, म्हणून “कोरॉइड ठीक” असं कधी लिहू नको, “रक्तामुळे दिसत नाही, पुन्हा पाहणे” असं लिही. चिरेला स्वतःला टाके नाही, औषध नाही, ती आपली व्रण धरून बसते. पण ब्रुखच्या त्या फटीतून नवीन वाहिन्या घुसतात, कधी काही महिन्यांत, कधी काही वर्षांनी, आणि तेव्हा वेळेवर इंजेक्शन मिळालं तर नजर वाचू शकते. सगळा खेळ त्या वेळेवर येण्याचा आहे गं.

आणखी एक, हे आपल्या भागात विसरायचंच नाही. डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचलेलं दिसलं तर सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचं, विचार, त्याचं कार्ड नसेल तर तपासणी कर. सिकलच्या पेशी वाकड्या आणि कडक, पाणी बाहेर जायच्या जाळीत अडकतात, प्रेशर चढते, आणि या लोकांची नस थोड्याशा प्रेशरनेही खराब होते. प्रेशरसाठी आपण सहज देतो त्या असिटाझोलामाइडच्या गोळ्या पण त्यांना चालत नाहीत, डॉक्टरांना आधीच सांग. अशा पेशंटला डोकं उंच ठेवून झोपव, दुखण्यासाठी ॲस्पिरिन, ब्रुफेन नको, पॅरासिटामॉल दे. आणि घरी कोणी डोळ्यात दूध नाही तर पाल्याचा रस टाकला का तेही विचार, रागावू नको, रागावलं की पुढच्या वेळी सांगत नाहीत.

घरी काय पाहायचं ते मी कॅलेंडरवर शिकवतो. ज्या कॅलेंडरवर तारखांचे चौकोन असतात ते घ्यायचं, हातभर अंतरावर धरायचं, चष्मा असेल तर लावून, एक डोळा तळहाताने झाकायचा आणि मधल्या तारखेकडे पाहायचं. आजूबाजूच्या रेषा सरळ आहेत का, कुठे वाकल्या का, एखादा चौकोन पुसल्यासारखा वाटते का. मग दुसरा डोळा. आठवड्यातून एकदा, देवाला दिवा लावताना म्हटलं की लक्षात राहते. तुझ्यासमोर एकदा करून घे, माणसं हो म्हणतात आणि बोटांच्या फटीतून पाहतात.

त्या बैलवाल्याला सेवाग्रामला नाही तर नागपूर मेडिकलला उद्याच पाठव, ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचं स्कॅन, तिथेच होईल. आणि पुढची तारीख देताना बघ, चार आठवड्यांनी सोयाबीनची कापणी आलेली असेल, तो सांगूनही येणार नाही. तुमच्या गावचा बाजार ज्या दिवशी भरते त्याच दिवसाची तारीख दे, त्या दिवशी तो तसाही येतेच, आणि त्याच्या बायकोचा नंबर रजिस्टरमध्ये लिहून घे.

तुझा,
काका