जुनी बोर्दो उघडण्याआधी

१९९६ची लेओव्हिल बार्तों, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातली लाल वाइन, हाती आली आहे, तर घाई नको. बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, गाळ तळाला बसू द्या. जुनं बूच भुसभुशीत असतं, मळसूत्री ओपनरने त्याचा भुगा होऊ शकतो. बुचाच्या कडेने आत सरकणारा दोन पात्यांचा ओपनर मिळवा. मग उजेडासमोर धरून एका दमात, सावकाश दुसऱ्या भांड्यात ओता आणि गाळ मानेशी आला की थांबा. तासन्‌तास हवा देत बसू नका. पहिला घोट लगेच घ्या, पुढचं तीच सांगेल.

ही बोर्दोतल्या सँ-ज्युलियाँ गावची, मुख्यतः काबेर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षाची. कोवळेपणी कच्च्या सुपारीसारखी तुरट. मुरल्यावर देवदार, तंबाखूच्या पानाचा वास. ज्याला फळांचाच रसरशीतपणा हवा, त्याने तरुण वाइन घ्यावी, उगाच पैसे का घालवा!

ती बनवणारं बार्टन (फ्रेंच उच्चारात बार्तों) घराणं मूळचं आयरिश. ह्यू बार्टनने १८२६मध्ये लेओव्हिल द्राक्षमळ्याचा हिस्सा घेतला, मालकी आजही त्याच कुटुंबात आहे. बोर्दोच्या वाइन्सच्या १८५५च्या वर्गवारीत हिला दुसरी श्रेणी. लेबलवरचा वाडा मात्र लांगोआ बार्तों या दुसऱ्या मळ्याचा. तोही यांचाच, १८२१मध्ये घेतलेला. आणि माझ्या मते, तोलामोलाच्या शेजाऱ्यांपेक्षा यांनी भाव शहाणपणाने ठेवलेत.