ब्रिटनमध्ये इतक्या लोकांना काळा बिबट्या दिसतो, मग आजवर एकही सापडला कसा नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तिथले शेतकरी, ड्रायव्हर, पोलीससुद्धा वर्षानुवर्षं सांगतायत की आम्ही मोठं काळं मांजरवर्गीय जनावर बघितलं, मग ते सगळे खोटं बोलतायत का आणि नसतील तर पुरावा कुठाय.

माझं मत आधीच सांगतो. बहुतेक लोक खोटं बोलत नाहीत. अधूनमधून एखादं खरंखुरं जनावर तिथे मोकळं सुटलेलंही आहे. पण रानात पिल्लं घालून पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बिबटे तिथे आहेत हे मला पटत नाही. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भांडणारे दोन्हीकडचे लोक त्यांची सरमिसळ करतात.

सुटलेल्या जनावरांचं आधी बघू, कारण ते सिद्ध झालेलं आहे. 1976 साली तिथे धोकादायक वन्यप्राणी पाळायला परवाना सक्तीचा करणारा कायदा आला, त्याआधी पैसे असले की कोणीही सिंहाचं पिल्लू विकत घेऊ शकायचं, 1969 मध्ये तर लंडनच्या हॅरॉड्स या बड्या दुकानातून दोन तरुणांनी खरंच एक घेतलं होतं. कायदा आल्यावर काही मालकांनी जनावरं गुपचूप सोडून दिली असं सांगतात आणि ते अशक्य वाटत नाही. 1980 मध्ये स्कॉटलंडमधल्या कॅनिचला एका शेतकऱ्याच्या पिंजऱ्यात प्युमाची (अमेरिका खंडातलं एकरंगी, मोठं मांजरवर्गीय जनावर) मादी सापडली, पण ती इतकी माणसाळलेली होती की जन्मभर रानात राहिलेली असणं कठीणच. 2001 मध्ये उत्तर लंडनच्या क्रिकलवुडमध्ये चक्क वस्तीत लिंक्स (आखूड शेपटीचं, मध्यम आकाराचं रानमांजर) पकडला. म्हणजे 'असं होऊच शकत नाही' म्हणून हसणारे लोक चुकतात.

पण 1976 ला सोडलेला बिबट्या आज जिवंत असणार नाही, पिंजऱ्यातसुद्धा तो वीसेक वर्षं जगतो. आज दिसणारं जनावर त्यांचं वंशज असेल तर नर, मादी, पिल्लं, हद्दीसाठी फिरणारी तरुण जनावरं असं सगळं लागतं, आणि तेवढी जनावरं मागे काहीच न ठेवता राहू शकत नाहीत.

इथे लोक म्हणतात की बिबट्या लपण्यात उस्ताद असतो. अगदी बरोबर आहे. अकोले तालुक्यात शेतं आणि वस्ती असलेल्या भागात संशोधकांनी कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावले तर 100 चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास मोठे बिबटे निघाले, आणि माणसांना ते क्वचितच दिसतात. पण दिसत नसले तरी कॅमेऱ्यात येतात, विष्ठा सापडते, कुत्री-शेळ्या जातात, गाडीखाली मरतात, ऊसतोडीत पिल्लं सापडतात. ब्रिटनमध्ये नेमकं उलटं आहे, दिसतात भरपूर आणि मागे जवळजवळ काहीच राहत नाही.

एकट्या जनावराचा माग कसा निघतो ते अमेरिकेत बघा. 2011 च्या जूनमध्ये कनेक्टिकटमध्ये गाडीच्या धडकेत एक प्युमा मेला, त्याच वर्षी सरकारी वन्यजीव खात्याने पूर्वेकडचा प्युमा नामशेष झाल्याचं सांगितलं होतं. डीएनए तपासला तर तो साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सचा निघाला, आणि वाटेत मिनेसोटा-विस्कॉन्सिनमध्ये आधीच गोळा केलेले नमुने त्याचेच होते, 2,400 किलोमीटरच्या वर चालत आला होता. ज्यांनी तेव्हा 'आम्ही प्युमा बघितला' म्हणून सांगितलं त्यातले काही खरंच बरोबर होते!

मग ब्रिटनमध्ये लोक बघतात काय? माझ्या मते रंगातच बरंच उत्तर आहे. ज्या प्राण्याची वर्णनं येतात तो बहुतेक वेळा काळा असतो. बिबट्यांमध्ये काळे साधारण 11 टक्के, तेही मुख्यतः दक्षिण-पूर्व आशियातल्या दाट ओल्या जंगलांतले, आणि काळा प्युमा तर आजवर एकदाही सिद्ध झालेला नाही. पाळणाऱ्यांना काळेच आवडायचे असं उत्तर देतात, थोडंफार खरं असेलही. पण घरगुती मांजरं मात्र ढिगाने काळी असतात, आणि मोकळ्या माळावर शेजारी झाड-कुंपण काही नसेल तर अंतर कळत नाही, अंतर चुकलं की आकार चुकतो. डोळ्यांचा हा दोष सगळ्यांना आहे, अनुभवी शिकाऱ्यालाही.

1995 मध्ये कॉर्नवॉलच्या बॉडमिन मूर या माळरानात कृषी मंत्रालयाने हेच तपासलं. फोटो-व्हिडिओतल्या जागी जाऊन मोजपट्टीचा खांब उभा केला, तर लोक ज्याला तिथला 'राक्षस' म्हणायचे तो साध्या मांजराएवढा भरला. निष्कर्ष असा की पडताळता येईल असा पुरावा नाही, पण जनावर नाहीच हेही सिद्ध करता येत नाही, आणि मला हे प्रामाणिक वाटतं. त्यानंतर काही दिवसांतच तिथल्याच फॉय नदीत एका मुलाला कवटी सापडली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने सांगितलं की कवटी खऱ्या बिबट्याचीच आहे, पण आत उष्ण प्रदेशातल्या झुरळाच्या अंड्यांची पिशवी होती आणि मागे कापल्याच्या खुणा, म्हणजे परदेशातून आणलेल्या बिबट्याच्या कातड्याच्या गालिच्याचा तो भाग.

सध्याचा सगळ्यात वजनदार पुरावा 2024 चा. कंब्रियात मेलेल्या मेंढीवरून घेतलेल्या लाळेच्या नमुन्यात वॉरिक विद्यापीठाच्या रॉबिन अ‍ॅलबी यांना पँथेरा कुळाचा डीएनए मिळाला, म्हणजे सिंह, वाघ, बिबट्या यांचं कुळ. मी तो उडवून लावत नाही, पण एका नमुन्यावरून संख्या ठरत नाही, तसलेच आणखी नमुने वेगवेगळ्या ठिकाणांहून यायला हवेत.

आणि ते यावेत म्हणून तरी सांगणाऱ्याची टिंगल करू नये. 2019 च्या फेब्रुवारीत गुजरातच्या महिसागर जिल्ह्यात एका शिक्षकाने गाडीतून वाघाचा फोटो काढला, राज्यात कित्येक वर्षं वाघ नव्हता तरी वनखात्याने कॅमेरे लावले आणि थोड्याच दिवसांत वाघ खरा निघाला. बिचारा त्याच महिन्यात मेलेला सापडला ते वेगळं. पण कोणी ऐकलंच नसतं तर तो होता हेही कळलं नसतं.

तेव्हा तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीत कोणाला असं काही दिसलं तर फोटो काढून थांबू नका. जनावर निघून गेल्यावर ते उभं होतं तिथे माणूस उभा करून त्याच जागेवरून, तेवढ्याच झूमने दुसरा फोटो घ्या. ठसा असेल तर शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून वरून सरळ फोटो, केस कागदाच्या पाकिटात (प्लास्टिकमध्ये ओल धरते), आणि मेलेलं जनावर असेल तर हात न लावता लगेच वनखात्याला किंवा तिथल्या वन्यजीव यंत्रणेला कळवा, लाळेतला डीएनए उन्हापावसात फार टिकत नाही.