फुलराणीच्या रांगेतली बाटली

प्रश्न : ताई नमस्कार, नाव छापू नका, पुणे एवढं लिहिलं तरी चालेल. माझं वय ३४, बायको ३२, मुलगी अडीच वर्षांची. बायको पिते. लग्नाआधी आम्ही दोघंही पार्टीत बियर वगैरे घ्यायचो, त्यात काही वाटायचं नाही. डिलिव्हरीनंतर ती रजेवर होती, मग वर्क फ्रॉम होम सुरू झालं आणि ते रोजचं कधी झालं मला कळलंच नाही, म्हणजे खरं सांगायचं तर कळलं होतं पण मी कळून घेतलं नाही. आता दुपारीसुद्धा घेते. व्होडका, कारण तिला वाटतं वास येत नाही.

शनिवार-रविवार मी पोरीला घेऊन सकाळीच बाहेर पडतो. कात्रजचं झू, सारसबाग, एम्प्रेस गार्डन, आणि काहीच सुचलं नाही तर स्टेशनवर दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून बसतो, तिला इंजिनाचं वेड आहे, हॉर्न वाजला की माझा कान धरून ओढते. सोसायटीतल्या काकू म्हणतात काय हौशी बाप आहे, जावयाला माझं उदाहरण देतात. त्यांना काय माहीत मी घरातून पळून येतो ते.

गेल्या महिन्यात पेशवे पार्कला गेलो होतो, फुलराणीची, म्हणजे तिथल्या लहान मुलांच्या आगगाडीची रांग, ऊन, पोरगी पाणी पाणी करायला लागली. निघताना घाईत ओट्यावरची गुलाबी बाटली पिशवीत टाकली होती. झाकण उघडलं, तिच्या तोंडापर्यंत नेली आणि मला वास आला. बायकोला येत नसेल, मला आला. बाटली तिथेच झाडाच्या बुंध्याशी ओतली. मागे उभ्या असलेल्या आजींनी बघितलं, त्या काही बोलल्या नाहीत, त्यांच्याकडचं पाणी दिलं पोरीला. मी त्या दिवशी गाडीत बसलोच नाही, आजींच्या नातवाशेजारी तिला बसवलं आणि बाहेर उभा राहिलो, हात थरथरत होते.

आता आम्ही घरी परत आलो की दारातच पोरगी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवते आणि शूऽऽ करते. बाहुलीलाही करते. माझी आई साताऱ्याला असते, तिला काही सांगितलेलं नाही. भाऊ म्हणतो घटस्फोट घे. बायको म्हणते व्यसनमुक्ती सेंटरला टाकलंत तर तुम्ही सगळे मिळून पोरगी माझ्यापासून तोडाल. मला एवढंच विचारायचंय की मी पोरीला बाहेर नेतो ते बरोबर आहे, का त्यामुळे बायकोला प्यायला मोकळं रान मिळतं?

उत्तर : आधी शेवटच्या ओळीचं. मोकळं रान वगैरे काही नाही. तुम्ही घरात असतानाही ती पितेच ना? मग सारसबागेत गेलात म्हणून ती पिते हा हिशोब जुळत नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून मीटिंगा असतात, १९५१ साली अमेरिकेत पिणाऱ्यांच्या बायकांनीच ते सुरू केलं, तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात की हे व्यसन तुमच्यामुळे लागलेलं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही आणि तुम्ही ते बरं करू शकत नाही. तिसरी गोष्ट नवरेमंडळींना पचत नाही, आपल्याला सगळं दुरुस्त करायची सवय असते.

मुलीला बाहेर नेणं बंद करू नका. अडीच वर्षांच्या पोरीला आठवड्यातून दोन सकाळी असं माणूस मिळतंय जे तिचंच आहे, शुद्धीत आहे, इंजिनाचा हॉर्न ऐकून तिच्याइतकंच दचकतं, ही फार मोठी गोष्ट आहे. (हौशी बाप म्हणे. आई रोज बागेत घेऊन गेली तर कुठल्या काकू तिचं उदाहरण देतात, सांगा.)

मला टोचलं ते शूऽऽ. बाटलीपेक्षा जास्त टोचलं. बाटली तुम्ही ओतली, पण हे बोट तिच्या ओठांवर कुणीतरी शिकवलंय आणि ते तुम्हीच असणार, चांगल्या हेतूने. तिला कळलंय की घरात काहीतरी आहे आणि त्याबद्दल बोलायचं नसतं. ते आधी सोडवा. एवढ्या लहान मुलांना लांबड लागत नाही, आईला बरं नाहीये, तुझ्यामुळे नाही, आणि तू घरात बोललीस तर चालतं, बास. तीच तीन वाक्यं शंभर वेळा सांगावी लागतील. आणि घरी येताना गाणी म्हणत या, आई झोपलेली असली तरी.

आता रोखठोक. मुलगी तिच्यासोबत एकटी राहायची नाही, दहा मिनिटंही नाही, तुम्ही ऑफिसला जाता तेव्हाचं काय ते तुम्ही लिहिलेलंच नाही आणि मला त्याचीच धास्ती वाटली. पाळणाघर बघा किंवा साताऱ्याहून आईला बोलवा, पण बोलवताना खरं सांगून बोलवा. बायकोने स्कूटीवर पोरीला पुढे उभं करून कुठे जाणं तर बंदच. मुलीची बाटली वेगळ्या आकाराची घ्या आणि ती तुम्हीच भरा.

आणि रागाच्या भरात घरातल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतून उद्यापासून बंद असं करू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर काही तासांतच हात कापायला लागतात, काहींना फिट येते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, जिवावरही बेतू शकतं. सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. गाडी पाठवून माणूस उचलून नेणारी सेंटर असतात, त्यांच्या नादी लागू नका.

पुण्यातच आहात, येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून, अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेलं. त्यांचा निशिगंध नावाचा फक्त बायकांसाठीचा विभाग आहे. बायकांचं वेगळं असणं का लागतं, तर पुरुष प्यायला की लोक म्हणतात बिचारा टेन्शनमधे आहे, आणि बाई प्यायली की थेट तिच्या चारित्र्यावर येतात, मग ती वर्षानुवर्षं पाण्याच्या बाटलीत लपवते. फोनवरच बोलायचं असेल तर नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे.

पोरगी तोडण्याची भीती खोटी म्हणून उडवून लावू नका, तिच्या जागी तुम्हीही घाबरला असता. तिला हे सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून आलेला मानसिक त्रासही धरलाय, आणि त्यातच म्हटलंय की उपचार घेणाऱ्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तिच्यापासून वेगळं करायचं नाही. अपवाद आहे, आईच्या आजारामुळे मुलाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तर, पण तेव्हाही देखरेखीखाली भेट द्यावी लागते. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी मूल ठेवायची सोय असेलच असं नाही, म्हणून आधी विचारून घ्या. तुमची मुलगी अडीच वर्षांची आहे, म्हणजे ही गोष्ट लांबवण्यासारखी नाही. भावाला सांगा, घटस्फोटाचं नंतर बघू, आधी उपचार.

एक रविवार मात्र मला हवाय तुमच्याकडून. त्या दिवशी पोरीला विश्वासातल्या कुणाकडे तरी सोडा आणि तुम्ही अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जा. कदाचित खोलीत सगळ्या बायकाच असतील आणि तुम्ही एकटेच पुरुष, अवघडल्यासारखं होईल, तरी बसा. पहिल्या दिवशी बोलावं लागत नाही. पेशवे पार्कच्या त्या आजींसारखं काही न विचारता पाणी पुढे करणारं कुणीतरी तिथेही असतं.

बायकोला कधी बरोबर न्यायचं का, तर हो, पण ती न प्यायलेली असेल त्या सकाळी, जवळच्या बागेत, अर्धा-पाऊण तास, आणि तिथे सुधारण्याचा विषय काढायचा नाही. नाही म्हणाली तर तुम्ही दोघं निघा, कटकट न करता, कधी परत येणार ते सांगून.

सेंटरला फोन या आठवड्यातच करा, रविवारची वाट बघू नका. आणि केला की तिला सांगा, सकाळी चहाच्या वेळी, पोरगी उठायच्या आधी.