गोलंदाज तोफेवरचा, चीत आखाड्यातला

विचारलं आहे ते असं: गोलंदाज-फलंदाज हे शब्द हिंदीतून आले का, ‘पायचीत’मध्ये चीत कोण होतं, आणि त्रिफळ्याचा क्रिकेटशी संबंध काय? ‘फलंदाज म्हणजे ज्याला धावांचं फळ मिळतं तो’ ही फोड मात्र आधी बाजूला ठेवा. तशी फोड केली तर मागे उरलेल्या ‘अंदाज’चं काय करायचं, हा प्रश्न तसाच राहतो.

शब्दाचं शेपूट आधी तपासायचं. हिंदीत गेंदबाज, बल्लेबाज. तिथला ‘बाज’ म्हणजे फारसीत खेळणारा. मराठीत आहे ‘अंदाज’, म्हणजे फेकणारा. तिरंदाज तीर सोडतो, बरकंदाज (बर्क म्हणजे वीज) बंदूक चालवतो आणि गोलंदाज तोफेचा गोळा डागतो. क्रिकेट इथे रुजण्याच्या कितीतरी आधीपासून मराठ्यांच्या तोफखान्यात गोलंदाज होते. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या मराठी-इंग्रजी कोशातही गोलंदाज आहे तो तोफेवरचाच. म्हणजे हिंदीकडून उसनवारी नाही. घरातच पडून असलेला लष्करी शब्द मैदानावर आणला, एवढंच. चेंडू टाकणाऱ्याला तो चपखल बसला.

गंमत पुढे आहे. गोलंदाजाला जोडीदार हवा म्हणून फळीला, म्हणजे बॅटला, तेच शेपूट लावलं आणि फलंदाज झाला. व्याकरणाच्या काट्यावर तोललं तर अर्थ निघतो ‘फळी फेकणारा’! बाद झाल्यावर चिडून बॅट भिरकावणाऱ्यालाच तो शोभेल. पण यमकासाठी घडवलेला शब्द म्हणून तो झकास आहे, बदलायची काही गरज नाही.

इथे एक घोटाळा हमखास होतो. ‘मधली फळी’ (मधल्या क्रमांकांवर खेळणारे फलंदाज) म्हणताना लोकांच्या डोळ्यांपुढे बॅट येते. ही फळी म्हणजे सैन्याची रांग. ‘शत्रूची फळी फोडली’ यातली. म्हणूनच ‘मधली फळी कोसळली’ हे वाक्य इतकं सहज वाटतं.

आता चीत. हा सरळ लाल मातीतला. पाठ जमिनीला टेकली की मल्ल चीत. क्रिकेटमध्ये पाठ कोणाचीच टेकत नाही, पण ‘हरला, संपला’ हा अर्थ सुटा करून घेतला आणि पुढे कारण जोडलं: पायामुळे पायचीत, धावताना धावचीत, यष्टिरक्षकाने यष्ट्या उडवल्या की यष्टिचीत. इंग्रजीतल्या ‘लेग बिफोर विकेट’चं शब्दशः भाषांतर केलं असतं तर ‘यष्टीपूर्व पाय’ असलं काहीतरी हाती आलं असतं. ‘डाव’ही मुळात आखाड्यात आणि सोंगट्यांच्या पटावर मुरलेला. ‘बाद’ मात्र कुस्तीतला नाही, तो वहीखात्यातला: रक्कम बाद करणे, म्हणजे वजा करणे. त्यामुळे झेलबाद झालेला गडी हिशेबातून वजा होतो.

त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. घरोघरी माहीत असलेलं चूर्ण. यष्ट्याही तीनच, तेव्हा त्रिफळा उडाला. त्यावर पुन्हा चीत चढवून ‘त्रिफळाचीत’. आयुर्वेद आणि तालीम एकाच शब्दात.

षटकाबद्दल जरा सांभाळून. षटक म्हणजे सहांचा गट, पण ओव्हर नेहमीच सहा चेंडूंची नव्हती. १८७७ साली मेलबर्नला झालेल्या पहिल्या कसोटीत ती चार चेंडूंची होती. इंग्लंडमध्ये १८८९ ला पाच आणि १९०० ला सहा झाले. ऑस्ट्रेलियात तर १९७८-७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडू टाकत. त्यामुळे जुन्या सामन्याचं धावफलक वाचताना ‘२० षटकं’ पाहून लगेच १२० चेंडू धरू नका. मेलबर्नच्या त्या कसोटीत ते ८० भरतील, आठ चेंडूंच्या काळात १६०. हीच चूक करून लोक जुन्या गोलंदाजांच्या कामाची चुकीची तुलना करतात.

बॅडमिंटन हा शब्द पुण्याचा, असंही अधूनमधून ऐकू येतं. शब्द पुण्याचा नाही. नाव पडलं ग्लॉस्टरशायरमधल्या बोफर्टच्या ड्यूकच्या बॅडमिंटन हाउसवरून. पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला ‘पूना’ म्हणत, एवढं खरं.

खरा मजेचा माल मात्र विटीदांडूत आहे. विटी लांब गेली की दांडूने अंतर मोजायचं: वकट, लेंड, मूंड, नाल... गावागणिक उच्चार थोडे बदलतात. मूंड म्हणजे मुंडी, नाल म्हणजे घोड्याची नाल, असे अर्थ लावत बसू नका. शेजारी तेलुगू अंक ठेवा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. एक, दोन, तीन, चार! मोजायचे शब्द ते मोजायचेच, आणि मोजणी ज्या शब्दावर थांबेल त्यावरून विटी पुढे कशी मारायची ते ठरतं. चारनंतर गाडी घसरते. तेलुगूत पाच म्हणजे ऐदु, सहा म्हणजे आरु. पण आपल्याकडे नालनंतर थेट ‘आर’ येतो. पाच मध्येच गळाला, आणि पोरं सहाला पाचवा म्हणून मोजत राहिली.