भेटीआधी सांगावे का?

प्रश्न : मी २९ वर्षांची असून गुडघ्याखाली कृत्रिम पाय वापरते. डेटिंग ॲपवर तसे लिहिले की संवादच थांबतो. न लिहिणे ही फसवणूक ठरेल का?

उत्तर : नाही. पहिल्या ओळखीतच वैद्यकीय इतिहास मांडण्याचे बंधन कुणावरही नसते. तरीही प्रत्यक्ष भेटण्यापूर्वी एका वाक्यात सांगून टाकावे, कारण त्याने समोरच्याचा गोंधळलेला चेहरा पाहण्याचा मनस्ताप तुमचाच वाचतो. विवाहाचा विषय निघाल्यावर मात्र मौन चालणार नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ नुसार महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून मिळवलेली संमती हे विवाह रद्द करण्याचे कारण ठरू शकते. नकाराचा हक्क समोरच्या मुलाला आहे, तसा तुम्हालाही आहे. पण ‘घरचे ऐकणार नाहीत’ ही सबब (मुलगे ती फार सहज पुढे करतात) त्याची वैयक्तिक आवड समजू नका.